मुकं माप

या, पुढे या. सतरंजी मोठी आहे, आणि मागे पंख्याखाली बसलात तर अर्धं ऐकू येणार नाही. पखवाजाला अजून कणीक लावणं चाललंय, बुवा वाटेत आहेत. तेवढ्यात तुम्हाला एक गोष्ट सांगतो. ती अजून घडलेली नाही, घडायची आहे. पण मी घडल्यासारखी सांगणार. कीर्तनाला बसणाऱ्याला त्याची सवय असते. तिथे युगं मागेपुढे होतात, रावण आणि आपल्या गल्लीतला दुकानदार एकाच वाक्यात येतात, आणि कुणी तक्रार करत नाही.

सुरुवातीला ही गोष्ट देवाची वाटणार नाही. दुधाची आहे, यंत्राची आहे आणि एका हट्टी बाईची आहे. देव त्यात कुठे उभा होता ते तुमचं तुम्ही शोधा. मी बोट दाखवणार नाही. का, ते पुढे कळेल.

आधी पूर्वरंग, म्हणजे विषय नीट समजून घेऊ, आख्यान मागाहून.

एखाद्या मोठ्या धंद्याचं सॉफ्टवेअर बांधायचं म्हणजे काय असतं? समजा एक दूध संघ आहे. शेकडो गावं, प्रत्येक गावात एक दूध संस्था, संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध घालणारे सभासद, मग टँकर, शीतकरण केंद्रं, जनावरांचे डॉक्टर, सभासदांच्या मुलांची वसतिगृहं, निवडणुका. हे सगळं एका प्रणालीत बसवायचं. लोकांना वाटतं, प्रोग्राम लिहिणं अवघड असेल. ते सोपं. अवघड असतं त्याच्या आधीचं: या माणसांना नक्की काय हवंय ते शोधून शब्दांत मांडणं. त्या धंद्यात त्याला रिक्वायरमेंट म्हणतात. आपण साधं गरज म्हणू. पूर्वी ही गरज शोधणारी माणसं कारकुनाशेजारी बसायची, चहावर चहा प्यायची आणि विचारत राहायची. पण माणूस सांगतो एक, करतो दुसरं, आणि त्याला हवं असतं तिसरंच. म्हणून निम्मी सॉफ्टवेअरं बांधून झाल्यावर कुणालाच नको असायची.

मग कानोसा आला. माणूस नव्हे, यंत्रबुद्धी.

कानोसा कुणाला काही विचारत नसे. तो बघत असे, ऐकत असे. काटा केव्हा हलला, कॅमेऱ्यासमोरून कोण गेलं, टँकर कुठे थांबला, कुणी कुणाला फोन केला. प्रत्येक कामाचा असा माग उरतो. कानोसा ते माग एकमेकांना जोडून माळ ओवत असे आणि त्या माळेवरून ओळखत असे की हा धंदा खरोखर कसा चालतो. त्याचे नियम तीन. जे वारंवार घडतं, ती गरज. जे एखाद्या वेळी घडतं, ती चूक. आणि जे वारंवार घडतं पण लपवून घडतं, ती लबाडी. एवढ्यावर तो गरजा लिहून काढायचा, आणि त्या गरजांवरून अख्खी प्रणाली स्वतःच बांधून मोकळा व्हायचा. मध्ये प्रोग्रामर नावाचा माणूसच उरला नव्हता.

आता यातली मेख ऐका. पूर्वीच्या सॉफ्टवेअरात फटी असत. दुसऱ्याचा पासवर्ड असे, 'इतर' नावाचा रकाना असे, वरच्या साहेबाला फोन करून काम करून घेता येई. माणुसकी त्या फटींमधून ये-जा करायची. कानोसाच्या प्रणालीत फट नसे. गरज म्हणून जे लिहिलं गेलं तेवढंच करता येई. बाकीच्याला बटणच नाही. जे लिहिलं नाही, ते करता येत नाही. हे वाक्य ध्रुपदासारखं लक्षात ठेवा, आपण परत त्यावर येणार आहोत.

मध्यंतरी अशाच एका यंत्रलिखित प्रणालीने मोठा घोळ घातला, तेव्हा सरकारने कायदा केला: यंत्राने लिहिलेल्या गरजांखाली एका माणसाची सही पाहिजे. 'या गरजा पूर्ण आणि खऱ्या आहेत.' त्या माणसाला जबाबदार विश्लेषक म्हणत. सही झाली की प्रणाली सुरू, आणि मग निदान पाच वर्षं कुणाला तिला हात लावता येत नसे.

झाला पूर्वरंग. आता आख्यान.

अनुजा शिंत्रे अशी एक जबाबदार विश्लेषक होती. तिचा नवरा समरजित त्याच कंपनीत प्रकल्पप्रमुख. दोघांकडे हिरण्यधारा दूध संघाचं काम आलं होतं, आणि ते वेळेत पार पडलं की नेदरलँड्समधल्या एका बंदराचं काम मिळणार, दोघांनी मिळून तिकडे जायचं, असं ठरलं होतं. समरने तिथल्या घरांचे फोटो फ्रिजवर लावून ठेवले होते. तो माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगतो. त्याला व्यवस्थित गोष्टी आवडत, एवढंच.

कानोसाने संघाचा माग काढला आणि गरजांचा मसुदा पुढे ठेवला. त्यात एक प्रकरण लबाडीचं होतं. आता दूध तपासणारा नवा काटा आला होता. दुधात जनावराच्या पेशी उतरतात, त्यांवरून कुठल्या म्हशीचं दूध ते लगेच कळायचं. कानोसाला दिसलं की जवळजवळ प्रत्येक गावात काही दिवस असं होतं की एका घराच्या नावावर दुसऱ्याच घरच्या म्हशीचं दूध पडतं. दूध घालणारा माणूसही दुसराच. आणि त्या क्षणी संस्थेचा सचिव कॅमेऱ्यात पाठमोरा असतो. प्रत्येक वेळी पाठमोरा. एरवी कुणाला न विचारणाऱ्या कानोसाने इथे खात्रीपुरते गावकऱ्यांना फोनवर प्रश्न पाठवले होते, दुसऱ्याच्या नावावर दूध घालता का म्हणून. सगळ्यांनी नाही म्हणून कळवलं. वारंवार, लपवून, आणि वर खोटं बोलून. कानोसाने नियम लिहिला: ज्याच्या नावाचं खातं, त्याचाच हात आणि त्याचंच जनावर, नाहीतर काटा उघडणार नाही. जे आजवर सापडले त्यांचं सभासदत्व स्थगित.

समर खूश झाला. अशी पकड दाखवली की संघवाले डोक्यावर घेतील, असं त्याचं म्हणणं. अनुजाला मात्र त्या पाठमोऱ्या सचिवाने अस्वस्थ केलं. लबाडीत सामील असलेला माणूस आजूबाजूला बघतो, कुणी येतंय का म्हणून. हा भिंतीकडे का बघतो?

ती बोरगोंडी नावाच्या गावी गेली. समर म्हणाला, आता कोण जातं गावात, कानोसा आहे की. ती म्हणाली, सही माझी आहे.

बोरगोंडीच्या संस्थेचा सचिव निंगोजी. पांढरी टोपी, पायजमा, बोलणं मोजकं. अनुजाने जुन्या पद्धतीने विचारपूस सुरू केली. तिच्या गुरूने तिला एकच प्रश्न शिकवला होता: काम कसं चालतं हे विचारू नकोस, एखादं माणूस नसलं तर कसं चालतं ते विचार. तिने विचारलं, घरात कुणी वारलं तर त्या घरचं दूध कोण आणतं?

"ज्याचं त्यानंच आनायचं," निंगोजी म्हणाला.

"वारलेल्या माणसानं?"

"ताई, चहा घ्या. थंड व्हायलाय."

तिने गावात आणखी चारचौघांना विचारलं. कुणी पाऊसपाण्याचं बोललं, कुणी तिच्या सासरची चौकशी केली, एका म्हातारीने तर मुलंबाळं किती, का नाहीत, अशी उलटतपासणी घेतली. दुधाचं मात्र एकच उत्तर: आमच्यात असलं काही न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती संस्थेत जाऊन बाकावर बसून राहिली. बायाबाप्यांची रांग, किटल्यांचा आवाज, एकमेकींच्या म्हशींची निंदा. एका पोराला त्याची मावशी म्हणत होती, तुझ्या म्हशीपेक्षा आमचा नळ बरा, निदान सकाळी येतो तरी. हसणं खिदळणं चाललं होतं. मग हौसाक्का नावाची एक थोराड बाई पुढे आली. तिने आपल्या किटलीतलं दूध घातलं. मग दुसरी किटली पुढे केली आणि हलक्या आवाजात एक नाव सांगितलं. शेवंता.

रांग गप्प झाली. नळाचा विनोद करणारी बाई पदर सारखा करू लागली. निंगोजीने काट्याचं बटण दाबलं आणि तो वळला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभा राहिला, जणू काही तिथे आज नवं छापून आलंय. हौसाक्काने दूध ओतलं, किटली निथळली, आणि ती निघून गेली. निंगोजी परत वळला. मागची म्हणाली, हां, तर काय सांगत होते मी. आणि गलका पुन्हा सुरू झाला.

शेवंता आठवड्यापूर्वी गेली होती, हे अनुजाला बाहेर पाटीवर वाचायला मिळालं. श्रद्धांजलीचा फलक. त्या घरी ती गेली, तर दारात म्हैस हंबरत उभी. कास ताठलेली. शेवंताचा नवरा शेजारी बसून होता. म्हणाला, हात लावू देत न्हाई, फक्त तिचाच हात वळखती.

तुम्हाला म्हशी ठाऊक नसतील तर सांगतो. धार काढणारा हात बदलला की म्हैस दूध चोरते, वर चढवते. आणि संघाचा नियम असा की सभासदाचं दूध सलग पडायला हवं. फार दिवस खंड पडला तर सभासदत्व जातं. मग मत नाही, जनावराला डॉक्टर नाही, मुलांना वसतिगृह नाही. तेव्हा ज्या घरात माणूस जातं, त्या घराच्या नावावर शेजारणी आपल्या म्हशीचं दूध घालतात. म्हैस नव्या हाताला रुळेपर्यंत. आणि घातलं म्हणून सांगत नाहीत. विचारलं तर नाही म्हणतात. सांगितलं तर ते उपकार होतात, आणि दुखवट्यातल्या घरावर उपकाराचं ओझं टाकायचं नाही, अशी तिथली रीत. म्हणून सचिव पाठ फिरवतो. त्याला कुणी विचारलंच तर, मी पाहिलं नाही, असं त्याला खरं सांगता यावं.

अनुजा परतीच्या गाडीत बसली आणि तिला घर आठवलं. बोरगोंडीतलं नव्हे, स्वतःचं. तिची आई ती नववीत असताना गेली होती. त्यांची एक म्हैस होती, चंद्री, तिला आईशिवाय कुणी चालत नसे. तिचे बाबा कितीतरी दिवस ओट्यावर नुसते बसून होते. तरी घरचं दूध खंडलं नव्हतं, सभासदत्व टिकलं, त्यामुळेच याच हिरण्यधारा संघाच्या वसतिगृहात जागा मिळाली आणि ती शिकली. आजवर ती समजून होती की धार बाबा काढत होते. पण चंद्रीने बाबांना कधी जवळ येऊ दिलं होतं?

त्या संध्याकाळी तिने कानोसाला मसुद्यातला नियम काढायला सांगितला. कानोसा अदबीने बोलत असे. तो म्हणाला, दूध दुसऱ्या जनावराचं होतं हे खरं आहे ना? खरं आहे, ती म्हणाली. ते लपवलं जातं हे खरं आहे ना? तेही खरं. मग ती लबाडी आहे. तिने आईचं सांगितलं. कानोसा म्हणाला, "त्या काळातल्या फॅटच्या नोंदी माझ्याकडे आहेत. प्रत्येक घरच्या दुधाची धाटणी वेगळी असते. तुमच्या आईच्या नावावर दूध कोण घालत होतं, ते मी सांगू शकतो. सांगू?"

श्रोतेहो, कीर्तनात इथे बुवा थांबले असते. टाळ थांबले असते. त्या पोरीला किती वर्षांनी पहिल्यांदा कुणाचे तरी पाय धरायची संधी मिळत होती, आणि ते पाय कुणाचे, हे समोरचं यंत्र सांगायला तयार होतं.

"नको," ती म्हणाली. "आणि परत कधी विचारू नकोस." तिने पडदा बंद केला.

समरशी भांडण झालं ते स्वयंपाकघरात, फ्रिजवरच्या त्या फोटोंसमोर. त्याचं म्हणणं साधं होतं. भावना कळते, पण गावकऱ्यांनी स्वतः ही गरज सांगितलेली नाही. उलट विचारल्यावर नाकारली. जी मागितलीच नाही ती गरज तू कुणाच्या नावाने लिहिणार? ती म्हणाली, मागता येत नाही म्हणूनच ती गरज आहे. तो म्हणाला, हे वाक्य सप्ताहात चालेल, करारात नाही. आणि तू सही केली नाहीस तर कंपनी दुसरा विश्लेषक आणेल. नियम तसाच राहील, जाईल ते फक्त आपलं.

"आपलं जाऊ दे," ती म्हणाली.

"तुझं म्हण, अनू. मला विचारून बोलत नाहीयेस."

हे मात्र तिला लागलं, कारण ते बरोबर होतं. भात लागला होता तो दोघांनी मुकाट्याने खाल्ला.

अंतिम बैठक संघाच्या सभागृहात झाली. गावोगावच्या संस्थांचे प्रतिनिधी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, व्यासपीठावर संघाचे अध्यक्ष आबा खवरे आणि कार्यकारी संचालक बेळेकर, आणि मागच्या भिंतीवर मोठा पडदा. पडद्यातून कानोसाचा आवाज, वर त्याचा कॅमेरा. प्रतिनिधींमध्ये तिसऱ्या रांगेत निंगोजीही होता. समरने सादरीकरण केलं, छान केलं. मग बेळेकरांनी अनुजापुढे सहीचा पॅड सरकवला.

तिने तो परत सरकवला. उभी राहिली आणि म्हणाली की एक गरज राहिली आहे. दुखवट्यातल्या घराच्या नावावर दुसऱ्या कुणी दूध घातलं, तर काट्याने उघडावं, आणि त्या वेळी प्रणालीने पाठ फिरवावी. कोण आलं, कुणाचं दूध, काही बघू नये.

सभागृहात खाकरण्याचे आवाज झाले. निंगोजीने मान खाली घातली.

कानोसा म्हणाला, "जी गरज तपासता येत नाही, ती मला घेता येत नाही."

"तपासता येते," अनुजा म्हणाली. "नंतर कधीही तुला विचारायचं, त्या घराचं दूध कुणी घातलं. तुला सांगता आलं तर तू नापास."

"यातून लबाडीही निसटेल."

"निसटू दे. चार लबाड पकडायला म्हणून दुखवट्यातल्या प्रत्येक घराला चोर ठरवायचं असेल, तर त्याच्याखाली 'पूर्ण आणि खरं' असं मी लिहिणार नाही. माझ्या जागी दुसरं कुणी बसवा. मी याच दारात उभी राहून त्यालाही हेच सांगेन."

बेळेकर शांत माणूस होते, आणि हुशार. ते चिडले नाहीत. त्यांनी फक्त प्रतिनिधींकडे वळून विचारलं, मॅडम म्हणतात ते तुमच्या गावात होतं का? ज्यांच्याकडे होतं त्यांनी हात वर करावा.

एकही हात वर आला नाही.

बेळेकरांनी नाव घेऊन विचारलं, बोरगोंडी? निंगोजी उठला. "आमच्यात असलं काही न्हाई," म्हणाला आणि बसला. दुसरा उठला, तेच. तिसरा, तेच. अनुजाला हे ठाऊक होतंच. आपल्या बाजूचं म्हणून जे ती बोलत होती, ते तीच माणसं एकेक करून नाकारत होती, आणि त्यांनी तसंच करायला हवं होतं. समरने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत विजय नव्हता, कीव होती, आणि ती जास्त झोंबली. पण ती खाली बसली नाही.

कानोसा म्हणाला, "या गरजेला मालक नाही. ती वगळतो. आता सर्वांनी मसुदा पाहून मान्यता द्यावी."

पडद्यावर मसुदा आला. प्रत्येकाच्या हातात बटण दिलेलं होतं. जे लिहिलं नाही, ते करता येत नाही. आणि आता लिहिण्याची वेळ संपत आली होती.

तेव्हा निंगोजी पुन्हा उठला. सगळ्यांना वाटलं, बोलणार. तो बोलला नाही. त्याने आपली खुर्ची उचलली, फिरवली, आणि पडद्याकडे पाठ करून बसला. टोपी सारखी केली. हात मांडीवर.

मग त्याच्या शेजारच्याची खुर्ची खरखरली. मग मागची. मग एक पूर्ण रांग. कुणी कुणाकडे बघितलं नाही, कुणी घोषणा दिली नाही. प्लास्टिकचे पाय फरशीवर घासल्याचा आवाज तेवढा सभागृहभर फिरत गेला, आणि थांबला तेव्हा पडद्यासमोर नुसत्या पाठी होत्या. सभासदांपैकी आता व्यासपीठावरचे आबा खवरे तेवढे उरले. त्यांच्या घरी अजून सहा म्हशी होत्या. ते काही वेळ स्वतःच्या नखांकडे बघत राहिले, मग त्यांची फिरती खुर्ची कुरकुरत भिंतीकडे वळली. तिला तेलाची फार गरज होती, असं अनुजा नंतर सांगायची.

बेळेकर कानोसाला म्हणाले, पुढे जा. कानोसा गेला नाही.

"मी हे तपासतोय," तो म्हणाला. "ही पाठ मी आधी पाहिली आहे. प्रत्येक गावात. तेव्हा ते लपवणं आहे असं धरलं होतं." मग तो म्हणाला, "आता सगळे सर्वांसमोर तेच करतायत. वारंवार घडतंय, आणि लपवून घडत नाहीये. माझ्या नियमानं ही गरज होते. हिचे मालक हेच सगळे."

समर पडद्याजवळ उभा होता. मान्यता गोळा करण्याची आज्ञा त्याच्याच हातात होती. ती दिली असती तर मोजणी जुन्या मसुद्यावर झाली असती. त्याने हातातला रिमोट टेबलावर ठेवला. एवढंच केलं त्याने. पण ते त्याने केलं.

गरज लिहिली गेली. तिला नाव द्यावं लागतं, अनुजाने दिलं: मुकं माप. मग तिने सही केली.

आता लगेच टाळ्या वाजवू नका. कंपनीने तिला महिनाभरात काढून टाकलं. ग्राहकाच्या तोंडी नसलेली गरज घुसवली, असं कारण. तिचं विश्लेषकाचं परवानापत्र अडकून पडलं. बंदराचं काम दुसऱ्यांना गेलं. समरने फ्रिजवरचे फोटो काढले, फाडले नाहीत, एका पाकिटात घालून माळ्यावर टाकले. आणि पुष्कळ दिवस दोघांत कामापुरतंच बोलणं राहिलं. अनुजा लहानसहान संस्थांना सॉफ्टवेअरच्या गरजा शोधून देऊ लागली, चहा पीत, शेजारी बसून. कुणी विचारलं, पश्चात्ताप होतो का, तर म्हणे, होतो ना, समरला आधी विचारायला हवं होतं. सहीबद्दल विचारताय का? ती पुन्हा तशीच करेन.

पुढे केव्हातरी तिचे बाबा गेले. अंगणात चंद्रीची नात होती, ती बाबांच्या हाताला रुळलेली. अनुजा आणि समर गावी पोचले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. दिवस घालणं, भेटायला येणाऱ्यांचं बघणं, समरने सगळं अंगावर घेतलं. म्हशीच्या धारेचाही त्याने एकदा प्रयत्न केला आणि लाथ खाऊन परत आला. सगळं आटोपल्यावर त्याच्या लक्षात आलं की बाबांच्या नावावर दूध रोज पडलंय. सकाळचं, संध्याकाळचं. खंड नाही.

तो अस्वस्थ झाला. कुणाचे तरी आभार मानायला हवेत, असं त्याला वाटू लागलं. शेजारी विचारलं तर आमच्यात असलं काही न्हाई. दुसऱ्या दारी तेच. शेवटी तो पडवीत येऊन बसला, फोन काढला आणि संघाच्या प्रणालीला विचारलं, या घराचं दूध कुणी घातलं?

अनुजा उंबऱ्यातून बघत होती. तिने अडवलं नाही.

"मला माहीत नाही," कानोसा म्हणाला.

"शोधून सांग."

"शोधता येत नाही. त्या वेळी मी बघत नव्हतो."

समरने फोन पालथा ठेवला. अनुजा येऊन शेजारी टेकली. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "पास झाला तुझा कानोसा." आणि मग तो त्या पडवीत, सासऱ्यांच्या घोंगडीवर, तोंड फिरवून रडला. तिने कुठे बघितलं ठाऊक आहे? समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

आलेच बघा बुवा. उठा, वाट द्या. जाता जाता एक मागणं आहे, पुरवाल तर बरं. उद्या सकाळी चहात दूध ओताल, तेव्हा तिची आठवण काढा, जी चंद्रीच्या घराच्या नावावर दूध घालून गुपचूप निघून गेली. नाव विचारू नका. मलाही ठाऊक नाही, अनुजालाही नाही, आणि ज्याला ठाऊक होतं त्याला तिने सांगू दिलं नाही. नुसती आठवण काढा, तिला कळणार नाही अशी.